शेवंताचं हळवं पोट

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, म्हणून मालक दोघांच्या वाटचं बोलतो. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

नव्वदच्या दशकात मी घोडेगावला डॉक्टर होते. गावाच्या नावात घोडा असला, तरी दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशीच यायच्या. अपवाद एकच, शिनोलीच्या सखारामभाऊंची शेवंता. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं धावणारी घोडी. अंगानं दणकट, पोटानं भलतीच नाजूक!

आदल्या वर्षी कुणीतरी तिला जंताचं जहाल औषध एकदम पाजलं होतं. सगळे जंत एका वेळी मेले, त्यांचा गोळा होऊन आतडं अडलं. शेवंता मरता मरता वाचली. आता पुन्हा तिची हाडं दिसायला लागली होती.

"बाई, तपासा. पन औषध नका देऊ," सखारामभाऊ म्हणाले.

"मग दवाखान्यात कशाला आणलीत?"

"तुमी नुसतं बरं व्हईल म्हना. तेवढ्यानं मला बरं वाटंल!"

*

आधी लीद तपासायची, म्हणून ताजी लीद आणायला सांगितली. भाऊ डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "पावणं, डबा खाली ठेवा की."

"नाय वं. आमच्या शेवंताचा रिपोर्ट काढायचाय."

कंडक्टरचा चेहरा खुलला. "आरं वा! पहिलीच खेप का लेकीची?"

"खेप कसली राव, जंत हायेत!"

*

रिपोर्टमध्ये जंत निघालेच. औषध वजनाच्या हिशोबानं द्यायचं, पण घोडीला तोलणार कशावर? छातीचा घेर टेपनं मोजून अंदाज काढायला मी शिनोलीला गेले. भाऊंच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, टेपचं दुसरं टोक धरलं. मी आकडा मोठ्यानं सांगणार, तोच त्यांनी डोळे वटारले.

"हळू बोला बाई! बाईमानसाचं वजन असं चारचौघांत सांगत्यात का?"

*

मी सौम्य औषध निवडलं. तेही एकदम नाही, रोज थोडं थोडं, चार-पाच दिवस. उपाशी ठेवायचं नाही, नेहमीचा चारा बदलायचा नाही, पाणी भरपूर.

पहिल्याच दिवशी शेवंतानं औषध घातलेला कोंडा हुंगला आणि तोंड फिरवलं. भाऊंनी चिमूटभर कोंडा स्वतःच्या तोंडात टाकला. "ह्ये बघ, मी बी खातोय!"

शेवंतानं त्यांच्याकडं पाहिलं आणि घमेलं चाटून पुसून साफ केलं. भाऊ मात्र घाबरले.

"बाई, मला काय व्हनार नाय ना?"

"असतील तर तुमचेही जंत पडतील!"

*

तिसऱ्या दिवशी दुपारी एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला. "बाई, शेवंता बसलीया. उठंना."

मी तडक निघाले. स्कूटर दामटली. गोठ्यात शेवंता आडवी, तिचं डोकं भाऊंच्या मांडीवर. सुंदराबाई पदरानं माश्या वारत होत्या. मागच्या वर्षीही ती अशीच बसली होती म्हणे.

मी तिच्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. आतड्याची छान गुरगुर चालू होती. पोट मऊ होतं, नाडी शांत. कुठं काही अडलं नव्हतं. उन्हाच्या वेळी घोडी चक्क झोपली होती!

भाऊंना पटेना. मग स्टेथोस्कोप त्यांच्याच कानांत घातला. ते ऐकत राहिले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "बोलतंय बाई, प्वाट बोलतंय तिचं!"

तेवढ्यात शेवंता उठली, अंग झाडलं आणि ढीगभर लीद टाकली. आम्ही तिघंही खळखळून हसलो. मी स्टेथोस्कोप मागायला हात पुढं केला.

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. वळले, आणि त्यांनी ती चकती सुंदराबाईंच्या छातीवर, लुगड्यावरूनच, अलगद टेकवली.

सुंदराबाई लाजून लाल. "आवं, बाई बगत्यात! काय ऐकताय येवढं?"

भाऊंनी डोळे मिटले.

"गप ऱ्हा गं. ऐकू दे."