पदवी झालेली खेळाडू

सरांचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. कॉलेज सुटल्यापासून त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आधी त्यांनी घरच्यांची चौकशी केली, मग विचारलं, "तुझं बीए पुरं झालं ना गो?" मी हो म्हटलं. पलीकडे त्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला.

सर म्हणजे मुरबाडच्या कॉलेजातले आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, कायम ते कधी झालेच नाहीत. यंदा संस्थेवर नवी मंडळी आली होती. कप किती आणले हे त्यांना ऐकायचं नव्हतं. सरांच्या हाताखाली खेळलेल्या मुलींपैकी किती जणी पदवीपर्यंत पोचल्या, हे बघून नेमणूक ठरणार होती. आमच्या वेळच्या संघात पदवी घेतलेली मी एकटीच निघाले. म्हणून मला त्या मंडळींच्या समितीपुढे बोलवायचं होतं.

आनंद झाला नाही, राग आला असंही नाही. शनिवारी रजा मिळेल का, एवढंच डोक्यात आलं.

खरं तर मी संघात होते, पण खेळत नव्हते. मैदानात सात जणी उतरतात, बाकीच्या बाहेर बसतात. मी कॉलेजची सगळी वर्षं बाहेर बसले. बॅगा सांभाळायच्या, बाटल्या भरायच्या, कुणाचा पाय मुरगळला तर बर्फ धरायचा. उरलेल्या वेळात मी पुस्तक उघडायचे. खेळणाऱ्या मुलींच्या परीक्षा स्पर्धांमध्ये अडकायच्या आणि विषय राहायचे. सर त्यांना म्हणायचे, परीक्षा परत देता येते, निवड चाचणी परत येत नाय. मला ते सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

पहिल्या वर्षी आई सामना बघायला आली होती. मी नळावर बाटल्या भरत होते आणि ती प्रेक्षकांत बसून मला मैदानात शोधत होती. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पुढे वाईट वाटणं कधी थांबलं ते लक्षात नाही.

आमची चढाई करणारी मुलगी डोंगराकडच्या गावातली. तिच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला असताना ती खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात लागली आणि कॉलेज सोडून गेली. उजव्या कोपऱ्याला पकड करणारी मुलगी मात्र आमच्या आटगावकडचीच. शेवटच्या वर्षी तिचा गुडघा गेला, परीक्षा राहिली ती राहिलीच. आता ती वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला जाते.

मुरबाडला जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती नुकतीच कामावरून आली होती आणि पाय लांब करून भाकरीचं पीठ मळत होती. समितीचं सांगितलं तर म्हणाली, मला कशाला बोलवतील. मग पीठ मळता मळता थांबली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर रोज दवाखान्यात यायचे, घरी सोडायलाही तेच गाडी घेऊन आले, हे तिने मला पुन्हा सगळं सांगितलं. मला ते माहीत होतं.

"ते पण सांग त्यांना," ती म्हणाली. "नायतर कोण सांगणार?"

शनिवारी किन्हवलीवरून एसटीने मुरबाडला उतरले. सर स्टँडवरच उभे होते. केस पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी चहा पाजला. कॉलेजकडे चालताना जुन्या सामन्यांच्या गोष्टी काढल्या आणि म्हणाले, त्या फायनलला उजव्या कोपऱ्याला तू काय उभी राहिली होतीस. त्यांना घाई होती, मलाही वाद घालावासा वाटला नाही.

प्राचार्यांच्या खोलीत समितीचे अध्यक्ष, एक बाई आणि प्राचार्य बसले होते. सरांनी माझी ओळख करून दिली. आमची उत्तम खेळाडू, फायनल गाजवली, बीए झाली, आज शिक्षिका आहे. अध्यक्षांनी मान डोलावली आणि मला विचारलं, सरांमुळे तुमचं शिक्षण पूर्ण झालं असं म्हणता येईल का?

मी सरांकडे पाहिलं. ते हसतमुखाने माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

"सरांनी मला कधी मैदानात उतरवलं नाही," मी म्हटलं. "त्यामुळे अभ्यासाला वेळ मिळाला."

मग मी पोलिसात लागलेल्या मुलीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. माझा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा येत होता. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. नोकरी लागली ही चांगली गोष्ट आहे, पण शिक्षण अर्धवटच राहिलं ना, असं ते म्हणाले. बाईंनी विचारलं, बाहेर बसवलं याचं तुम्हाला वाईट वाटलं का. मी नाही म्हटलं. त्या क्षणी ते खरंच होतं.

बाहेर आल्यावर सर व्हरांड्यात थांबले.

"फायनलला तू नव्हतीस?"

"नव्हते सर."

"मग कोपऱ्याला कोण होतं?"

मी कोपऱ्यातल्या मुलीचं नाव सांगितलं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. "ती होय," ते म्हणाले. "चालते का आता नीट?" जिना उतरताना दुखतं, असं मी सांगितलं. माझ्याविषयी त्यांनी आणखी काही विचारलं नाही. एसटी लागली तेव्हा खिडकीतली जागा धरून दिली आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं. सरळगाव गेलं, किन्हवली गेलं, शहापूर आलं. रडू आलं नाही.

सरांना काढलं नाही. अट घातली: ज्या मुलीचा एक जरी विषय राहिला असेल तिला मैदानात उतरवायचं नाही.

पावसाळ्यानंतर त्यांचा पुन्हा फोन आला. डोंगराकडची एक नवी मुलगी मिळाली होती, चढाईला वाऱ्यासारखी. इंग्रजी राहिलं म्हणून तिला बाहेर बसवावं लागलं.

"वाटलं, बसंल आणि अभ्यास करंल," ते म्हणाले. "आठवडाभर आली. मग कॉलेजलाच यायची बंद झाली. घरी गेलो तर भात कापायला गेलेली."

मी म्हटलं, परत जाऊन बघा. दोनदा जाऊन आलो, असं ते म्हणाले. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की खेळायचंच नाही तर एवढ्या लांब कशाला पाठवायचं. या वर्षीचा निकाल मात्र चांगला लागेल, समिती खूश आहे, हेही त्यांनी सांगितलं. मग शाळेत कायम झालीस का विचारलं. अजून नाही, मी म्हटलं. होशील, ते म्हणाले.

फोन ठेवला आणि कुकर लावला.