सहममधलं जास्वंदीचं सरबत

अण्णांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं आणि किल्ली शेजारच्या शेवंतीकाकूंच्या हातात दिली. "चार महिन्यांत येतोच," ते म्हणाले. काकूंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "लेकीकडं राहायला निघालात, ते पण परमुलखात. जपून राहा हो." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि टोचणीही होती. आमच्या गावात अजूनही बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जातो, राहायला जात नाही.

आमचं गाव लांज्याजवळ. अण्णांची तिथे पिठाची गिरण होती. त्या थंडीत आई गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. माझा भाऊ संजू पुण्यात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहतो, दोघं नवराबायको शिफ्टमध्ये काम करतात. अण्णांना तिकडे नेलं असतं तर दिवसभर चार भिंतींत एकटं बसावं लागलं असतं. संजूला ते कळत होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मी नेते." एअरपोर्टवर अण्णांना मिठी मारून झाल्यावर संजू माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, ते काही बोलणार नाहीत. तूच बघ त्यांच्याकडे." आईच्या दहाव्यालाही अण्णा रडले नव्हते. आलेल्यांना चहा मिळाला का, एवढंच विचारत फिरत होते.

आम्ही ओमानमध्ये सहमला राहतो. मस्कतहून उत्तरेला समुद्राच्या कडेनं गेलं की लागतं. दुकानं, शेतं, खजुराच्या बागा, आणि मासळीचा वास. महेश, माझा नवरा, इथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्स बघतो. मी शाळेत गणित शिकवते. आमचं घर आतल्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. लग्नानंतर मी इथे आले तेव्हा पहिलं वर्ष मी खिडकीत बसून रडून काढलं होतं. त्यामुळे अण्णांचं काय होणार याची मला धास्तीच होती.

अण्णा रडले नाहीत. ते नुसते गप्प झाले. सकाळी आंघोळ, देवपूजा, मग गॅलरीत खुर्ची टाकून खाली रस्त्याकडे बघत बसायचे. संध्याकाळी मी शाळेतून आले की एकच वाक्य ठरलेलं, "आज तेरा गाड्या गेल्या" किंवा "आज कोण पण नाय गेलं." माझी मुलगी सई त्यांच्याशी बोलायला बघायची, पण तिचं मराठी अडखळत चालायचं आणि अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. "आजोबा, तुम्ही bored आहे?" तिनं एकदा विचारलं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय विचारत्ये ही?" मी अर्थ सांगितला नाही.

चार महिने होत आले तसा त्यांनी तिकिटाचा विषय काढला. मी महेशशी बोलते म्हणून टाळलं. गावात ते एकटे कसे राहणार होते? त्यांना स्वतःचा चहासुद्धा नीट करता येत नव्हता.

त्याच आठवड्यात मी एक दिवस शाळेतून आले, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर अण्णांचा पंचा पसरलेला आणि त्यावर जास्वंदीची लालभडक फुलं. ढीगभर. समोरच्या घराच्या भिंतीवरून बाहेर झुकलेलं ते कुंपण मी रोज बघत होते. आपली गावठी, पाच पाकळ्यांची जास्वंद.

"अण्णा, ही त्यांच्याकडनं आणलीत? विचारलंत?"

"रस्त्यावर आलेली तेवढीच काढली. दुपारी सुकणारच की."

परका देश. आपण व्हिसावर राहणारी माणसं. दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही हे मी सईला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. मी अण्णांना तशीच घेऊन समोर गेले.

समोर झुवैना राहायच्या, सगळ्यांच्या खाला, म्हणजे मावशी. साठी उलटलेल्या, अंगानं भारदस्त, फाटकाशी खुर्ची टाकून बसायची सवय. टीव्हीवरच्या हिंदी मालिका बघून बघून हिंदी शिकलेल्या. आम्ही इतकी वर्षं एकमेकींना फक्त सलाम करत होतो. मी हिंदीत सगळं सांगितलं, आणि अण्णांनी हात जोडून म्हटलं, "माफी."

"माफी मुश्किल!" खाला हात हलवत म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा पडला. घरी येताना जिन्यात म्हणाले, "बघ, माफ करणं मुश्कील म्हणाली बाई." मला हसू आवरेना. इथल्या अरबी बोलीत 'माफी' म्हणजे 'नाही'. काही अडचण नाही, असं त्या म्हणत होत्या. हे कळल्यावर अण्णा जिन्यातच थांबले आणि हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

फुलं सरबतासाठी आणली होती. आई दर चैत्रात जास्वंदीचं सरबत करायची. वाड्यावाड्यांतून फुलं गोळा करून आणायचं काम अण्णांचं. गिरण उघडायच्या आधी ते फिरून यायचे. पुढचं सगळं आईचं. मी नोकरीच्या मागे लागले आणि आयतं प्यायलं. अण्णांना वाटत होतं, त्यात अवघड काय असणार.

त्यांनी पाकळ्या सोडवल्या, मधला दांडा आणि हिरवं देठ काढून टाकलं, पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवल्या आणि रटरटा उकळल्या. गाळायला घेतलं तर गाळणीतून तार सुटली. बुळबुळीत, भेंडीच्या पाण्यासारखं. रंग म्हणाल तर मळकट जांभळा. मी चव घेतली आणि चमचा खाली ठेवला.

"आई काय करायची?" मी विचारलं.

अण्णांनी पातेल्यात बघितलं. मग ओट्याला दोन्ही हात टेकून म्हणाले, "चाळीस वर्षं प्यायलो गो वैशू. एकदा पण बघितलं नाय, ती काय करायची."

आणि ते रडायला लागले. आवाज न करता आधी, मग मोठ्यानं. सई धावत आली आणि दारात थांबली. मी गॅस बंद केला. त्यांना धरून ओट्याशीच खाली बसवलं आणि आम्ही दोघं तिथे फरशीवर आईसाठी रडलो. तिच्या मरणानंतर पाच महिन्यांनी, सहममध्ये. तिकिटाचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. सरबत जमेपर्यंत जायचं नाही असं त्यांनी मनाशी घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी ते परवानगीनं फुलं आणायला गेले. खालांनी विचारलं, "पूजा?" अण्णांनी तोंडाशी अंगठा नेऊन पिण्याची खूण केली. "कर्कदे?" खालांना नवल वाटलं. इथे सुकवलेल्या फुलांचं त्या नावाचं लाल पेय मिळतं, दुकानातून आणलेलं. पण दारातल्या फुलांचं करतात हे त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी नातवाकडून मागच्या बागेतली लिंबं काढून आणवली. छोटी, पातळ सालीची, वास असा की पिशवी जिन्यात येण्याआधी घरात पोचावा.

बरंच वाया गेलं. अण्णा रोज थोडी थोडी फुलं घेऊन करून बघत. शेवटी कळलं की पाकळ्या उकळायच्याच नाहीत. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात पाकळ्या टाकून झाकण ठेवायचं, आणि पाकळ्या फिक्या पडल्या की लगेच गाळून घ्यायचं. मग साखर. गार झालं की लिंबू. त्या दिवशी लिंबाचा रस पडला आणि ते जांभळं पाणी डोळ्यांदेखत लाल होत गेलं, तेव्हा सई ओरडली, "आजोबा! परत कर! परत कर!" अण्णांनी एक चमचा वेगळा काढून तिला पुन्हा करून दाखवलं. मी वेलची कुटून घातली. घोट घेतला. अगदी आईसारखं झालं नव्हतं. आईचं थोडं तुरट असायचं. पण अण्णांनी डोळे मिटून ग्लास संपवला आणि म्हणाले, "जवळ आलंय."

त्यानंतर तीन उन्हाळे अण्णा इथेच राहिले. गावी म्हणून मे महिन्यात जाऊन यायचे, घर उघडून झाडून पुन्हा बंद करायचे आणि परतायचे. सहममध्ये सकाळी त्यांची फेरी असे. खालांचं कुंपण, मग शेताकडच्या वाटेवरची एक पडीक बाग, मग मशिदीमागची दोन झाडं. रस्त्यालगतची धुळीची फुलं घ्यायचे नाहीत. सगळीकडे आधी विचारायचे, आणि विचारण्यासाठी लागतील तेवढे शब्द त्यांनी उचलले होते. फुलं दाखवून म्हणायचे, "मुमकिन?" सईला हाक मारायचे, "यल्ला, चला!" आणि बाटली संपली की जाहीर करायचे, "खलास."

सरबत सगळीकडे जायचं. महेशच्या कंपनीच्या कॅम्पमध्ये आपल्याकडची मुलं राहतात, कोणी गुहागरचा, कोणी चिपळूणचा. शुक्रवारी अण्णा त्यांच्यासाठी बाटल्या घेऊन जायचे. रमजान आला की रोजा सोडायला खालांच्या घरी. खाला थाळीभर खजूर आणि हलवा पाठवायच्या. "हमारा हाजी आया," असं म्हणून त्या अण्णांना चिडवायच्या. अण्णांना ते आवडायचं.

त्यांना इथे सुख होतं असं मी म्हणणार नाही. कधी कधी जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "आत्ता गावात गिरणीचा आवाज आला असता." गिरण विकली होती. पण ते गॅलरीतल्या खुर्चीत बसेनासे झाले, हे खरं.

चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, फुलांच्या फेरीवरून येताना त्यांना घाम फुटला. खालांच्या फाटकाशी आले आणि बसले. खालांनीच मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली. मी शाळेतून हॉस्पिटलला पोचले तेव्हा अण्णा शुद्धीत होते. "सईची परीक्षा आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

संजूला फोन केला. तो म्हणाला, "गावी आण त्यांना." मी सांगितलं, कागदपत्रांना किती वेळ लागेल नक्की नाही, तोवर त्यांना शवागारात ठेवावं लागेल. "तू नेलंस त्यांना तिकडे," तो म्हणाला. "स्वतःच्या मातीत तरी जाऊ दे." मी फोन महेशच्या हातात दिला.

रात्र मध्ये गेली. सकाळी संजूचाच फोन आला. "मी येतो. त्यांना तसं बर्फात नको ठेवू."

तो आला. गावाबाहेर काही अंतरावर आपल्या लोकांसाठी स्मशान आहे, तिथे आम्ही गेलो. संजूला वाटलं होतं आम्ही चार माणसं असू. कॅम्पमधली मुलं कंपनीची बस करून आली होती. माझे शाळेतले सहकारी होते. खालांचा मुलगा आणि मशिदीजवळचे दोन म्हातारे फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत, पण शेवटपर्यंत गेलेही नाहीत. गुहागरच्या मुलानं संजूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अण्णा दर शुक्रवारी यायचे आमच्याकडं." संजूनं अग्नी दिला. ऊन इतकं होतं की ज्वाळा दिसत नव्हत्या, नुसती वरची हवा थरथरत होती.

घरी खाला माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अल्लाह का था, अल्लाह के पास गया. तुम रो लो." संजू दारात उभा होता. त्यानं विचारलं, "या कोण?" मी सांगितलं. तो येऊन त्यांच्या पाया पडला. खाला गडबडल्या, त्यांच्यात तसं करत नाहीत. मग त्यांनी त्यालाही जवळ बसवून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी संजू मला म्हणाला, "ताई, मी फोनवर बोललो ते..." मी म्हटलं, "राहू दे." खरं तर ते राहिलंच आहे, थोडंसं. त्याच्याही मनात, माझ्याही.

अस्थी तो घेऊन गेला. सईची परीक्षा संपल्यावर मी गावी गेले. शेवंतीकाकूंनी पदराची किल्ली सोडून दिली आणि गळ्यात पडून रडल्या. मी घर उघडलं, झाडलं. दोन दिवस राहिले. आईचे डबे, अण्णांची छत्री, सगळं होतं तिथेच होतं. मी मात्र सारखी खिडकीकडे बघत होते. गावातल्या सकाळी अण्णा काय करायचे ते मला जुन्या आठवणीतून माहीत होतं. सहममधल्या सकाळी मी रोज बघितल्या होत्या.

परतीच्या दिवशी लांज्याला बसस्टँडवर थांबले होते. फणसाचे गरे विकणारी एक बाई शेजारी येऊन बसली. माझ्या बॅगेकडे बघून तिनं विचारलं, "सासरी चाललीस काय?"

"नाही. घरी."

"घर खंय?"

"सहमला," मी म्हटलं. विचार न करता.

"ह्या खंय इला?"

"लांब आहे. समुद्रापलीकडे." मी बॅग जवळ ओढली. "माझे वडील तिथे वारले."

बाईनं टोपलीतले दोन गरे केळीच्या पानात बांधले, माझ्या हातात ठेवले, आणि बस लागल्यावर माझी बॅग स्वतः वर चढवून दिली.