शेवंताचा वाटा

अक्का अख्खी भाकरी कधी खात नसे. ताटात पडलेली भाकरी ती आधी मोडायची, अर्धी समोरच्याच्या ताटात सारायची आणि मगच पहिला घास घ्यायची. समोरचा जेवून आलेला असला तरी सुटका नव्हती. "पावणं, एकट्यानं खाल्लेलं अंगाला लागत न्हाय," एवढंच ती म्हणे. तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

तो आवाज कबनूरच्या यंत्रमागांनी दिलेला. तिथल्या एका कारखान्यात कांड्यांवर सूत भरण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलता येत नसे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांचे डबे एकाच कागदावर रिकामे होत आणि कुणाची भाजी कोणती, हे नंतर कुणालाच सांगता येत नसे. नात्याने ती माझी थोरली मावशी. मी कोल्हापुरात वर्तमानपत्रात नोकरीला होतो, म्हणून तिच्या तोंडी मी ‘पेपरवाल्या’.

दोन हजार सालानंतर कधीतरी तिचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला. पाठ आणि कंबर इतकी दुखे, की आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच ती डुलकी घेई. कोल्हापुरात ज्या रुग्णालयात मी तिला नेत असे, तिथे त्या सुमारास एका वेदनाशामक औषधाची चाचणी सुरू झाली. काही रुग्णांना नवी गोळी द्यायची, काहींना नेहमीची. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या, डब्याही सारख्या. कुणाला कोणती मिळते, हे रुग्णाला कळू द्यायचं नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"म्हंजे तुलाबी ठावं न्हाय?" अक्काने तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही, मलाही नाही."

"मग ब्येस. वशिल्याचं काम न्हाय."

दुखण्याला शून्य ते दहामधला एक आकडा द्या, असं बाईंनी सांगितलं तेव्हा अक्का मोठ्याने हसली. "आकडा? मटका लावतीस व्हय गं बाय?" मग हसणं थांबलं. "नऊ," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर शिवाजी पेठेतल्या शेवंताबाई भेटत. तोच आजार, तीच चाचणी. वयाने त्या धाकट्या. मुलगी मंगल त्यांना धरून आणी. पहिल्या डबीने अक्काला गुण आला आणि ती आडवी होऊन झोपू लागली. शेवंताबाईंच्या दुखण्यात काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी दोघींना नव्या डब्या मिळाल्या.

पुढच्या तपासणीला अक्काचं दुखणं वाढलेलं निघालं आणि शेवंताबाईंचं उतरलेलं. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. अक्काने लगेच उलगडा केला. "मागच्या खेपंला भाईर पायरीवर दोनी डब्या पदरात वतल्या, कालवल्या आन् दोन वाटं केलं. मी गप झोपतोय आन् ही बसून रडतीय, कसं बघवंल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. नियमाप्रमाणे दोघींनाही चाचणीतून काढावं लागलं.

"आमी काय चोरी केली व्हय?"

"नाही, अक्का. पण आता कोणत्या गोळीने काय झालं, हे तुमच्या दोघींवरून कधीच कळणार नाही. कळलं असतं, तर पुढच्या बायकांच्या कामी आलं असतं."

"पुन्यांदा घ्या की आमास्नी," अक्का म्हणाली. "आता न्हाय वाटं करणार." तिचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. उरलेल्या गोळ्या परत कराव्या लागल्या.

एस.टी.तून कबनूरला उतरताना अक्का म्हणाली, "पुढच्या बायका मला दिसल्या न्हाईत रं, पेपरवाल्या. शेजारी बसल्याली दिसली."

त्यानंतर दोघींना पूर्वीचीच औषधं मिळत राहिली. अक्का पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली. शेवंताबाई आधी गेल्या. ती बातमी मीच अक्काला सांगितली होती. ऐकून तिने फक्त विचारलं, "आडवी व्हती का?" मला ते माहीत नव्हतं.

अक्का जाण्याच्या थोडे दिवस आधी मंगल कबनूरला आली. तिच्याकडे कागदाची पुडी होती. "मावशी, आईच्या रोजच्या गोळ्या राहिल्यात. घरात ठिवून काय करू? तुमच्या त्याच हाईत न्हवं?"

अक्काने पुडी पदरात ओतली. तिने गोळ्यांचे दोन वाटे केले. एक मंगलच्या हातावर ठेवला.

"घे. शेवंताचा वाटा."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मग मूठ मिटली. "व्हय मावशी, देतो तिला," ती म्हणाली.

मगच अक्काने आपल्या वाट्यातली एक गोळी उचलली.