दाबून धरलेलं बटण

ऑफिसात त्याला बटणमास्तर म्हणत. बावीस वर्षं एकच काम: बटण दाबल्यावर आतल्या चिपला जाग कशी यावी, त्याचा प्रोग्राम लिहायचा. लोक रॉकेटं उडवतात, मी बटणं दाबतो, असं तो स्वतःच म्हणायचा आणि चष्मा पुसत बसायचा. थकला होता बिचारा. झोपून उठलं तरी अंगातला शीण जात नव्हता.

सध्या मानगुटीवर बसलं होतं ते रुग्णाच्या उशाशी टांगायचं बटण. दाबलं की शेजारच्या खोलीत घंटा वाजायची. एवढंसं काम! पण एका शुश्रूषागृहातून तीनदा तक्रार आली, कधी कधी वाजतच नाही म्हणून. मास्तरने तिन्ही वेळा ते हजार-हजारदा दाबलं, अंगठ्याला घट्टा पडला, पण घंटा एकदाही चुकली नाही. शेवटी वैतागून त्याने शेरा मारला, 'वापरणाऱ्याची चूक', आणि तक्रार बंद केली. साहेब खूश, मास्तर मोकळा.

यातली मेख सांगतो. चिपला जागं करायचे दोन मार्ग. एक लेव्हल: बटण दाबलेलं आहे तोवर हाका सुरूच. दुसरा एज: दाबलं त्या क्षणी एक हाक, मग गप्प. आधी मास्तरने लेव्हल घेतली होती. पण कुणी बटणावरच कूस वळवून झोपलं की हाकांनी चिप बेजार, दुसरं काही करेचना. म्हणून त्याने एज लावली. शिवाय दाबताना बटणातली धातूची पट्टी थडथडते, एकाच्या दहा हाका होतात. त्यावर त्याची युक्ती अशी: पहिल्या हाकेनंतर क्षणभर कान बंद. मग बटण खरंच दाबलेलं आहे का ते बघायचं. असेल, तर घंटा वाजवायची; नसेल, तर मधल्या हाका पुसून कान पुन्हा उघडायचे. झकास चालायचं.

घरी थोरली ताई होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्याच्यापायी लग्न केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली, उजव्या हाताला कंप सुटला, ऐकूही कमी येऊ लागलं. मास्तर तेव्हापासून घरूनच काम करायचा. तिच्या उशाशी त्याने आपलंच बटण टांगलं आणि घंटा ठेवली बाजूच्या खोलीत, स्वतःच्या टेबलावर.

एके दिवशी चार वाजता तो चहा घेऊन आत गेला. ताई पलंगावरून अर्धी घसरलेली, एक पाय जमिनीला, गादी ओली आणि बटणावरचा अंगठा पांढराफटक.

"अगं, घंटा नाही का वाजवायची?" तो खेकसला. घाबरून खेकसला, पण खेकसलाच.

"दाबूनच ठेवलंय की. तीन वाजल्यापासून."

"नीट दाबलं नसशील."

त्याने तिला उचललं, कपडे बदलले, गादी उलटवली. मग बटणाची वायर लॅपटॉपला जोडली आणि म्हणाला, "दाब बघू."

नऊ वेळा घंटा वाजली. दहाव्यांदा नाही. पडद्यावर रेघ स्पष्ट होती: अंगठा थरथरला, बटण दाबलं गेलं, सुटलं, लगेच पुन्हा दाबलं गेलं. चिपने बघितलं तेव्हा नेमकं सुटलेलं. कान उघडण्याआधी पुन्हा दाबलं, ती हाक पुसली गेली. पुढे ताईने अंगठा तसूभर हलवला नाही, म्हणजे नवी हाक कुठून येणार? बटण दाबलेलंच होतं, आणि चिप ते दाबलं जायची वाट बघत बसली होती.

उपाय दोन ओळींचा. कान उघडले की बटणाकडे पुन्हा एकदा बघायचं. बावीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला हे सुचू नये? सुचणार कसं, हजारदा दाबणारा अंगठा धडधाकट होता ना.

मास्तरने बंद केलेली तक्रार उघडली, शेरा खोडला, तिथे लिहिलं, 'चूक माझी. सगळी बटणं परत मागवा.' साहेब फाडून खाणार होता. खाऊ दे.

"ताई, हाक तरी मारायचीस गं," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"कशाला? घंटा वाजतेय असंच वाटत होतं मला." थरथरत्या हाताने तिने पांघरूण सारखं केलं. "अधूनमधून होतंच की असं. म्हटलं, ऐकू आलं असेल त्याला. कंटाळला असेल."