तिच्यादेखत बोललेलं

आमची मुलगी जन्मापासून बहिरी. ती शाळेत गेली तेव्हाच तिथल्या बाईंनी बजावलं होतं, तिच्याशी एकच भाषा बोला, समोर तोंड करून, सावकाश, पुस्तकातली मराठी. ओठ वाचायला आणि थोडंफार बोलायला ती तेवढ्याच भाषेत शिकत होती. त्यामुळे तोंडवलीच्या आमच्या घरात तिच्या एकटीशी आम्ही तहसीलदाराशी बोलावं तसं बोलत आलो. "तुला भूक लागली आहे का?" बाकी सगळा संसार मालवणीत. तिच्यापासून काही लपवायचं असलं तर आवाज खाली आणावा लागत नसे. मालवणीत बोललं की झालं. ती आमच्या तोंडांकडे बघत बसायची आणि आम्ही तिच्याबद्दलच बोलत असायचो.

बारावी झाल्यावर तिने स्वतःच फोनवर पुण्याचं एक कॉलेज शोधलं. बहिऱ्या मुलांसाठी वर्गात दुभाषी, वसतिगृह, नंतर नोकरीसाठी मदत. मला पहिल्याच दिवशी संशय आला. इतकं सगळं कोण कशाला देईल? वास्तविक पर्यटकांना भाड्याने देतो त्या आमच्या खोल्यांत आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन मी कोणालाही झोपायला देतो. त्या खोल्यांचं बुकिंग मुलगीच फोनवर मेसेज करून सांभाळायची, शिवाय चादरी बदलण्यापासून जेवणाची ऑर्डर विचारण्यापर्यंत सगळं तिच्याकडेच. संध्याकाळी ती त्या कॉलेजातल्या मुलींशी व्हिडिओवर हातांनी बोले; ती भाषा ती फोनवरच शिकली होती. मी चार्जर शोधायच्या निमित्ताने मागे उभा राहायचो. एक अक्षर कळायचं नाही. हातांची भाषा मी शिकलोच नव्हतो. शाळेने तेव्हा खुणा करू देऊ नका असं सांगितलं होतं, आणि ते कारण मी सोयीस्करपणे आजवर वापरलं.

मे महिन्यात कॉलेजची माणसं कसालला आली. जिल्ह्यातल्या मुलांच्या आईवडिलांना भेटून त्याच दिवशी प्रवेश पक्के करणार होती. पालक हो म्हणाले तर जागा, नाहीतर ती दुसऱ्या कोणाला. मुलगी पहाटेपासून तयार होऊन बसली होती.

शाळेच्या वर्गात टेबलामागे एक प्राध्यापक आणि शेजारी एक बाई. प्राध्यापक हात हलवू लागले आणि बाई बोलू लागल्या, "मी स्वतः बहिरा आहे. मी या मुलांना अकाउंट्स शिकवतो."

मी बाईंकडे बघत राहिलो. पुरुषाची वाक्यं बाईच्या आवाजात येत होती. मी विचारलं, रात्री वसतिगृहात कोण असतं? आजारी पडली तर? उत्तरं लगेच आली, नको इतकी लगेच. ती त्या माणसाची की बाईंची, हे कळायला मला मार्ग नव्हता. मुलगी मात्र त्या माणसाच्या हातांवरून नजर काढत नव्हती. मधेच हसत होती. कशाला हसते तेही कळेना.

मी बायकोकडे झुकलो. "बोलता ती बाई. ह्या माणसाक नुसतो शोभेक हाडलो हा. चेडवांच्या नावावर कायतरी धंदो चललो हा."

"हळू बोला ओ, आयकतले."

"हंय कोण आयकतला?"

बोलून मी स्वतःच हसलो. मान वर केली तर बाईंचे हात चालू होते. माझ्याकडे बघत, शांतपणे, त्या माझं सगळं बोलणं मुलीला सांगत होत्या, माणूस नुसता शोभेला आणलाय, मुलींच्या नावावर धंदा, इथे कोण ऐकणार. प्राध्यापक मोठ्याने हसले. मुलगी हसली नाही.

मी चिडलो. "हे आमचं घरातलं बोलणं होतं."

"खोलीत जे बोललं जातं ते सगळं आम्ही सांगतो," बाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्या मुलीला ते ऐकू आलंच असतं ना? आणि मालवणी मला कळते. माझं आजोळ वालावलचं."

मुलगी माझ्याकडे वळली. तिचे हात वेगाने हलले. बाईंचा आवाज आला, "बाबा, त्या भाषेत तुम्ही घरी अजून काय काय बोलता?"

हे तिचंच वाक्य होतं का, असा संशय मला तेव्हाही आला. हे लिहितानाही लाज वाटते. पण तिचा चेहरा समोर होता आणि त्याला दुभाषी लागत नव्हता. बायकोने मान खाली घातली. आठवडाभर रोज रात्री जेवताना, तिच्यासमोर बसून, मी जे बोलत होतो तेच मग बोललो, तिच्याकडे तोंड करून, मालवणीत.

"तू गेलंस तर रूम कोण बघतला, ह्यां बोलतंय. पुण्याची भीती मागसून इली."

बाईंचे हात थांबेपर्यंत तिने त्यांच्यावरची नजर काढली नाही. मग उत्तर आलं, "खोल्या तुमच्या आहेत. तुम्ही बघा."

मी प्राध्यापकांना म्हटलं, "पाठवतो." त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं. तिने होकाराची मान हलवली. जागा पक्की झाली.

परतताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली, दाराला पाठ लावून, आम्हा दोघांची तोंडं दिसतील अशी.

बायको मागून म्हणाली, "कांदे संपले हत. वाटेत घेवक होये."

मुलीने लगेच माझ्या दंडावर टिचकी मारली. काय?

मी गाडी कडेला घेतली, तिच्याकडे वळलो आणि सावकाश सांगितलं, "आई म्हणाली, कांदे घ्यायचे आहेत."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग मागे वळून आईला विचारलं, "कांदे?"

बायकोने मान डोलावली, तेव्हा कुठे ती पुढे बघून बसली.