लेकीच्या घरचं पाणी

लग्नानंतर आठवड्याभरात नवऱ्याच्या ऑफिसने आम्हाला दोन दिवसांचा राजवाडा भेट दिला. म्हणजे डोंगरातला कुणा संस्थानिकाचा जुना वाडा, ज्याचं आता हॉटेल झालं होतं. फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगखालून तिथपर्यंत एसी गाडी, गणवेशातल्या ड्रायव्हरसकट. गाडी सातिवलीच्या एका ट्रॅव्हल कंपनीची होती आणि माझे वडील तिथेच ड्रायव्हर होते.

"घाटात पोरं गाडी कशी पन हाकतात. माझ्या लेकीला मीच नेनार," असं मालकाला सांगून त्यांनी ती ड्युटी मागून घेतली. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी. मी पुढे बसायला गेले तर म्हणाले, "मागं बस. नियम हाय." मी मुकाट मागे बसले. तिथूनच माझं चुकलं.

वाटेत बाबा पाण्याचा घोटही प्यायले नाहीत. आमच्या खाडीकाठच्या गावात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. त्यांची बाटली घाईत घरी राहिली होती आणि गाडीतल्या बाटल्या माझ्या सासरहून आलेल्या. दोनदा पुढे केल्या, दोनदा मान हलली. "पोचल्यावर पितो," म्हणाले. असल्या रीतींना काडी लावावी असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर मॅनेजर उभा होता. दोन हार, दोन पेले सरबत. बाबांनी दार उघडलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, बॅगा काढू?" कालपर्यंत ज्याला जावईबापू म्हणत होते, त्याला! आम्हाला लाज वाटू नये म्हणून. आणि तो मूग गिळून गप्प. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा माणूस दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही.

"यांनाही पाणी द्या," मी म्हणाले.

"हे तुमच्या घरचेच का?" मॅनेजरने विचारलं. अगदी सरळ, अदबीने विचारलं.

मी बाबांच्या टोपीकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ड्रायव्हर आहेत."

"मग मागे तबेल्याजवळ नळ आहे."

बाबा "हो साहेब" म्हणून गेले. खोलीच्या खिडकीतून मला ते दिसले. टोपी काखेत धरून नळाखाली ओंजळ करून प्यायले, तोंड पुसलं आणि गाडी वळवून परत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरला काय बोलणार? त्याला ठाऊक नव्हतं. ते दोन्ही दिवस मी नवऱ्याशी भांडले. तू का नाही बोललास, तू का नाही बोललास! शेवटी तो म्हणाला, "तू तरी कुठे बोललीस?" या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते खरं होतं.

दीड वर्षाने मुलगा झाला. बारशाला बाबा आले. आता रीत आड येत नव्हती. मी तांब्याभांडं घेऊन पुढे झाले आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे माझे वडील. ड्रायव्हर आहेत!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी भांडं रिकामं केलं, मिशा पुसल्या.

"केवढ्यानं वरडतेस," ते हळूच म्हणाले. "हितं सगळ्यांना म्हाईत हाय."