दुसऱ्याच्या आजोबांची चाल

दोन हजार दोन साली मी अमेरिकेत आले, तेव्हा माझ्या पासपोर्टावरचा शिक्का एवढंच सांगत होता की ही बाई नवऱ्याच्या मागे आलेली आहे आणि हिने इथे काम करायचं नाही. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या टाउनहाऊसमधून नवरा सकाळी ऑफिसला गेला की मी आणि माझं व्हायोलिन एवढे दोघेच उरायचो. नागपूरला मी बारा वर्षं शिकले होते, सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून. त्या बारा वर्षांचं इथे काय करायचं, हे एकाही फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं.

लायब्ररीच्या काउंटरवर एक बाई असायची, पंचावन्नच्या आसपासची. व्हर्जिनियाच्या दुसऱ्या टोकाला डोंगरात कोळशाच्या खाणी आहेत, तिथली. मी सारख्या व्हायोलिनच्या सीडी घरी नेते हे पाहून तिने एकदा विचारलं, "वाजवतेस का?" पुढच्या शनिवारी ती बॅन्जो, तिकडचं गोल पोटाचं तंतुवाद्य, घेऊन दारात उभी. तिच्या डोंगराला अ‍ॅपलेशिया म्हणतात, एवढंच मला त्या दिवशी कळलं. तिथली जुनी गाणी ती नाकातून, अजिबात गोड न करता म्हणायची. मला तो आवाज फार आवडला. वर्षभरात आमची जोडी जमली. शेतकरी बाजारात, चर्चच्या हॉलमध्ये, छोट्या गावांच्या जत्रांत आम्ही वाजवायचो. ती खुर्चीवर, मी तिच्या पायाशी सतरंजीवर. लोक आधी माझ्या साडीकडे बघायचे आणि मग ऐकायचे.

तिच्या संगीतात एक रीत होती आणि ती बाई त्याबाबतीत भलतीच कडक होती. चाल वाजवण्याआधी ती आपल्याला कुणाकडून मिळाली ते सांगायचं. ही अमक्या मावशीकडून, ही पलीकडच्या खोऱ्यातल्या आंधळ्या फिडलवाल्याकडून; व्हायोलिनला तिकडे फिडल म्हणतात. "नाव न घेता वाजवणं म्हणजे चोरी," असं ती म्हणायची. मला हे नवीन नव्हतं. आमचे गुरुजीही त्यांच्या उस्तादांचं नाव घेताना कानाची पाळी धरायचे. म्हणूनच मी तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये माझे वडील गेले. व्हिसाचा शिक्का संपला होता. गेले असते तर परत यायला मुंबईहून नवा शिक्का लागला असता, आणि तो कधी मिळेल याचा त्या दिवसांत काही भरवसा नव्हता. "जाशील, पण अडकून बसशील, यार," नवरा म्हणाला. मी गेले नाही. याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही आणि स्वतःला तर नाहीच. तेरा दिवस मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून एकच चाल वाजवत होते. ती आपोआप होत गेली. दुसऱ्या भागात एका सुरावर मी थांबायचे, पुढे जाववतच नसे, म्हणून तो थांबा तसाच राहिला. माझी बॅन्जोवाली रोज संध्याकाळी यायची, शेजारी बसायची. दहाव्या दिवशी तिने हलक्या हाताने बॅन्जो त्यात मिसळला. त्या तेरा दिवसांत माझ्या दुःखापाशी बसलेलं तेवढं एकच माणूस होतं, हे मला आजही नाकारता येत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही सीडी काढायची ठरवलं. जुनी गाणी, तिची दोन-तीन स्वतःची, आणि माझी चाल. तेव्हा आमच्या ग्रीन कार्डाची फाईल सरकत होती. नवऱ्याने महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना विचारलं. हे काका वकील नव्हते, पण व्हिसाच्या बाबतीत सगळ्यांना सल्ला द्यायचे. काका म्हणाले, "वहिनींना सांगा, विकायच्या वस्तूवर नाव म्हणजे काम केल्याचा पुरावा. उगाच रिस्क कशाला?" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. मग मीच शेपूट घातली. मी तिला सांगितलं, "माझं नाव कुठेही छापू नकोस." तिने तीनदा विचारलं, "नक्की?" मी तीनदा हो म्हटलं.

चालीखाली छापलं गेलं, 'पारंपरिक'. व्हायोलिनसमोर लिहिलं, 'एक मैत्रीण'. चालीला नाव दिलं तिच्या गावच्या खिंडीचं.

पण रीत तर होतीच. कार्यक्रमात ती चाल आली की लोक विचारायचे, ही कुणाकडून मिळाली? सुरुवातीला ती म्हणायची, "एका मैत्रिणीकडून." लोक आणखी काही ऐकायला थांबायचे आणि तिला ते सहन व्हायचं नाही. एके दिवशी ती म्हणाली, "माझ्या आजोबांकडून." मी शेजारी, गज हातात घेऊन, मूग गिळून बसले होते. तिचे आजोबा खाणीतल्या धुळीने छाती निकामी होऊन, ती चार वर्षांची असताना गेले. त्यांचा चेहराही तिला आठवत नव्हता. पुढच्या कार्यक्रमात आजोबा ती चाल ओसरीत बसून वाजवायला लागले. त्याच्या पुढच्या वेळी ती त्यांच्या मयताला वाजवली गेली. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी वाजवत होते.

दोन हजार सातच्या शरदात ग्रीन कार्ड आलं. फाईल बंद करताना मी आमच्या वकीलबाईला सीडीवरच्या नावाबद्दल सहज विचारलं. ती म्हणाली, "पैसे घेतले नव्हतेस ना? मग नुसत्या नावाने काय झालं असतं?" मग तडक लायब्ररीत गेले आणि तिला म्हटलं, आता खरं सांगायचं. पुढच्या कार्यक्रमात, माइकवर, माझ्या वडिलांचं नाव घेऊन.

ती परत आलेली पुस्तकं नीट लावत राहिली. "आता ती चाल आमच्याकडे संगीताच्या शिबिरात शिकवतात," ती म्हणाली. "मी आता सांगितलं तर माझ्याच माणसांत मी खोटारडी ठरेन. हनी, नाव नको असं तूच सांगितलं होतंस."

"नाव नको म्हटलं होतं. दुसऱ्याचं लाव म्हटलं नव्हतं."

"तुला तुझे वडील आठवतात तरी," ती म्हणाली.

मी तिला एक शिवी दिली, मराठीत. जोडी तिथेच संपली.

दोन हजार आठच्या मे महिन्यात मी एका गावच्या हॉलमधल्या बैठकीला एकटी गेले. अशा बैठकीत येईल तो गोलात खुर्ची ओढून सगळ्यांबरोबर वाजवतो. माझ्या शेजारी सत्तरीचा, भल्या चेहऱ्याचा एक फिडलवाला होता. त्याने सुरू केली ती माझीच चाल. दहा-बारा लोकांनी उचलली. सगळ्यांना पाठ होती. मीही वाजवू लागले. दुसऱ्या भागात मी माझ्या सुरावर थांबले आणि बाकीचे सगळे पुढे निघून गेले.

चाल संपल्यावर तो माझ्याकडे वाकला. "छान वाजवतेस. फक्त दुसरा भाग चुकतोय. ज्याची ही चाल, तो खाणीतला म्हातारा तिथे थांबायचा नाही. कुणाकडून शिकलीस?"

ग्रीन कार्ड पर्समध्ये होतं. नवरा तिथे नव्हता, काका नव्हते, ती नव्हती. मला अडवणारं कुणीही नव्हतं.

"सीडीवरून," मी म्हटलं.

"वाटलंच," तो म्हणाला. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि दुसरा भाग मला तीनदा, सावकाश, न थांबता वाजवून दाखवला. चौथ्या वेळी मी त्याच्याबरोबर तसाच वाजवला.